दुपट्याला किती तास लागतात?



या अंकाचा अग्रलेख दुपट्यावर लिहायचा आहे असं मी संपादक मंडळाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा दोघी-तिघी हसल्या. वनहक्काचे दावे आहेत, दारूबंदीची लढाई आहे, मारहाणीच्या केसेस रोज दारात उभ्या आहेत, आणि आपण बाळंतविडा शिवायला बसायचं का? विणकाम-भरतकामाची पानं मागे टाकून आपण बाहेर पडलो म्हणून तर आपली नियतकालिकं निघाली, असंही एकीने ऐकवलं. तिचं म्हणणं खरं आहे. बाईच्या हातात सुईदोरा देऊन तिला गप्प बसवण्याचा इतिहास मोठा आहे. तरीही मी विषय सोडला नाही, कारण आहुप्यात हे दुपटं माझ्यासमोर आलं ते मजुरीचा आणि वेळेचा प्रश्न घेऊनच.

आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पश्चिमेचं टोक. मंचर, घोडेगाव, डिंभे करत गाडी वर चढते. गावापुढे कडा, कड्याखाली मुरबाडचा मुलूख. आहुपे घाटाची पायवाट खाली खोपिवलीला उतरते. वस्ती महादेव कोळी समाजाची. गावाची जुनी देवराई आहे, १९८५ साली जाहीर झालेलं भीमाशंकर अभयारण्य आहे. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरई आणि उन्हाळ्यात हिरडा. घोड नदी याच भागात उगम पावते आणि खाली डिंभ्याच्या धरणात अडते. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गाव त्याच जलाशयाखाली गेलं. धरणाचं पाणी कालव्यांनी पूर्वेला जातं, तिथे ऊस, कांदा, टोमॅटो पिकतो. पाण्यामागोमाग डोंगरातल्या बायाही तिकडेच जातात, कांदे लावायला, काढायला, खुरपायला. जुन्नर तालुक्यातला नारायणगावचा मजूर बाजार आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. सकाळी तिथे उभ्या राहिलेल्या बायांमध्ये एखादी दिवस भरत आलेली असते, एखादीच्या काखेत दोन महिन्यांचं मूल असतं. ते मूल दुपट्यात गुंडाळलेलं असतं आणि दिवसभर बांधाला त्याच दुपट्यावर निजतं.

दुपटं शिवायला मी शिकले ती आहुप्याच्या एका पडवीत, गटाची बैठक संपल्यानंतरच्या वेळात. जुनं सुती लुगडं घ्यायचं, धुऊन कडक उन्हात वाळवायचं. काठ जरीचा असेल तर तो आधी काढून टाकायचा, कारण तो टोचतो. हूक, बटण, टिकली यांतलं काही त्यात राहता कामा नये. कापड कात्रीने कापायचं नाही. कडेला चीर देऊन सरळ फाडायचं, म्हणजे कड तिरकी जात नाही. मग सारवलेल्या जमिनीवर तीन पदर एकावर एक अंथरायचे. खालचा आणि वरचा चांगला, मधला विटका असला तरी चालतो. चार कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, जे हाती येईल ते वजन. या वेळी राहिलेली सुरकुती पुढे निघत नाही, म्हणून दोघीजणी समोरासमोर बसून हाताने ती बाहेर सारतात. लांब कच्च्या टाक्यांनी पदर टाचून घेतले की कड आत मुडपायची आणि काठापासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत, मध्यापर्यंत यायचं. शहरात क्विल्टिंगचे वर्ग चालतात तिथे नेमकं उलट सांगतात, मध्यापासून बाहेर जा. तिथे दोन कापडांमध्ये कापसाचा जाड थर असतो आणि तो बाहेरच्या बाजूला सारत न्यावा लागतो. इथे आत थर नाही, पदर जमिनीवर ताणून टाचलेले आहेत, म्हणून बाहेरून आत आलं तरी झोळ पडत नाही.

गाठ पदराच्या आत ढकलायची. दोरा हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, गुंततो. माझे सुरुवातीचे टाके पाहून शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, “एवढा लांब टाका नको घालू बाय, पोराचं बोट अडकंल.” दुपट्यावरचे बारीक टाके शोभेसाठी असतात असं आपल्याला वाटतं. त्यांचं कारण बाळाच्या पायाच्या बोटाएवढं आहे. नवशिकीला आणखी एक सांगते. अंगुस्तान घालायला लाजू नका. सुई रुतून बोट सुजलं की दुसऱ्या दिवशी खुरपं धरता येत नाही आणि रोज बुडतो. आहुप्यात अंगुस्तानाची गोष्ट अशीच सांगतात, रोजाच्या हिशेबात.

कापड जुनंच का, याचं घरोघरी मिळणारं उत्तर आपल्याला माहीत आहे. बाळाला पहिलं वस्त्र घरातल्या थोरांचं, त्यांचं आयुष्य त्याला लाभावं म्हणून. बिहारमध्ये हीच रीत सुजनी नावाने आहे. नवजात बाळासाठी जुन्या साड्यांचे तुकडे जोडून ती शिवतात आणि चिंध्यांची देवी, चितिरिया माँ, तिच्याशी जोडलेली आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ आणि ओल शोषणारं दुसरं काही गरिबाच्या घरात नसतं.

पण हे कापडच आता संपत चाललं आहे. आहुप्यातल्या म्हाताऱ्या नऊवारी लुगडं नेसतात. सुना पाचवारी नेसतात आणि ती बहुतेक पॉलिएस्टरची, कारण स्वस्त पडते आणि लवकर वाळते. पावसाळ्यात इथे दिवसचे दिवस ऊन पडत नाही, तेव्हा लवकर वाळणं ही काही चैन म्हणता येणार नाही. परंतु पॉलिएस्टर ओल शोषत नाही. बाळ ओल्यात पडून राहतं, मांड्यांना पुरळ येतं. त्यामुळे सासूच्या एका लुगड्यावर दोन सुनांचा डोळा असतो. लुगडं धड असेल तर त्यात चार दुपटी बसतात. जुनं लुगडं बसायच्या जागी विरलेलं असतं, मग जेमतेम दोन निघतात. आणि पावसात बाळंत झालेल्या बाईला दोन दुपटी पुरत नाहीत. चुलीजवळ वाळत घातलेलं सुकेपर्यंत दुसरं भिजतं. दहा-बारा तरी लागतात. बाजारात तयार लंगोटांची पाकिटं मिळतात, आणि अडीनडीला तीही येतात, पण रोज दिवसाला चार-पाच वापरायची तर पैसा कुठला आणि वापरलेली टाकायची कुठे? ओढ्यात?

हे सगळं मी पाहत होते तेवढ्यात शहरातल्या एका दुकानाकडून मागणी आली. हाताने शिवलेली, जुन्या सुती कापडाची, ‘आदिवासी’ दुपटी हवीत. नगाला दीडशे रुपये, कापड आणि दोरा बायांचा. नमुन्याचे पहिले चार नग मोफत. आमच्याच कामातल्या काहींना याचा आनंद झाला. गटाच्या कर्जाचे हप्ते फिटतील, कला टिकेल, आणि बायांना घरबसल्या फावल्या वेळात काम मिळेल.

‘फावल्या वेळात’ हा शब्द आपण आपल्या प्रकल्प-प्रस्तावांमधून आधी हद्दपार केला पाहिजे. आहुप्यातल्या बाईचा फावला वेळ कोणता? एप्रिल-मेमध्ये बाळहिरडा वेचायचा, वाळवायचा, विकायचा. जूनपासून राब, पेरणी, आवणी. पावसाळाभर बेणणी आणि गुरं. दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी. त्यानंतर कांद्याला. याच्या वर पाणी, सरपण, स्वयंपाक. देशपातळीवर २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. हा सरासरीचा आकडा. त्यात नळ असलेली घरंही आली.

म्हणून आम्ही पडवीत बसून दुपट्याचा हिशेब मांडला. छत्तीस इंच लांब, तीस इंच रुंद दुपटं. ओळींमधलं अंतर अर्धा इंच. म्हणजे एका दुपट्यात एकशेऐंशी फूट शिवण. मला नवशिकीला नुसत्या धावदोऱ्याला बावीस तास लागले. हात बसलेल्या बाईला नऊ. धुणं, फाडणं, अंथरणं, टाचणं याचे आणखी दोन. अकरा तास. सन २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. अकरा तासांचे झाले ४२९ रुपये. दुकानदार दीडशे देणार, म्हणजे तासाला साडेतेरा-चौदा रुपये, त्यातून दोरा आणि लुगडं बाईचंच. हिशेब झाल्यावर पडवीत कोणी काही बोललं नाही. मग एक तरुण सून म्हणाली, तेवढ्यात मी कांद्याला गेलेलं परवडंल.

दुकानदाराशी बोलणं झालं तेव्हा त्याने सांगितलं की ही कामं मायेने होतात, तास मोजून होत नाहीत. माया आहेच. ती नाकारायचं कारण नाही. पण माया त्या बाळासाठी आहे जे घरात येणार आहे. अनोळखी गिऱ्हाइकाच्या बाळासाठी शिवायचं तर ते काम आहे आणि कामाला दर असतो. शिवणाचं यंत्र आणि दुकानाचा गाळा आला की तिथे बहुतेक ठिकाणी पुरुष बसतो आणि त्याच्याशी मायेबद्दल कोणी बोलत नाही, हेही जाता जाता नोंदवते.

शास्त्र तरी या कामाला काय म्हणतं? संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या राष्ट्रीय हिशेब पद्धतीत घरच्या वापरासाठी कापड विणणं, कपडे शिवणं हे उत्पादनात धरलं आहे. स्वयंपाक, धुणं, मूल सांभाळणं धरलेलं नाही. म्हणजे दुपटं शिवलं तर ते तत्त्वतः राष्ट्रीय उत्पन्नात बसतं. तेच दुपटं ओढ्यावर नेऊन धुतलं, चुलीपाशी वाळवलं, त्यात बाळ गुंडाळून रात्रभर मांडीवर घेतलं तर ते उत्पन्नात नाही. रेषा ओढली आहे ती दुपट्याच्या मधून. आपल्याकडे १९९१ च्या जनगणनेच्या वेळी स्त्री-संघटनांनी आग्रह धरला तेव्हा कुठे शेतातलं आणि घरच्या उद्योगातलं बिनमोबदला काम प्रश्नात स्पष्टपणे घातलं गेलं. तीस-पस्तीस वर्षं झाली. मोजणी सुधारली, पण मोजलेल्या वेळेचा मोबदला मागायला गेलं की आजही मायेचं उत्तर मिळतं.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. बाळंतिणीला दहा-बारा दुपटी लागतात असं वर म्हटलं. बारा धरू. बारा दुपट्यांचे एकशेबत्तीस तास, म्हणजे आठ तासांचे साडेसोळा दिवस. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी नोकरदार वगळता प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा रक्कम पाच हजार झाली, तीही पहिल्याच जिवंत मुलासाठी, हप्त्याहप्त्याने. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, मुलगा झाला तर नाही. पाच हजाराला ३१२ ने भागलं की सोळा येतात. सोळा दिवसांची मजुरी! गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजण्याचे महिने या सगळ्यासाठी शासन जे देतं त्यात बाळाच्या दुपट्यांची शिलाईसुद्धा पुरती भागत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ सालीच दुरुस्ती झाली आणि नोकरदार बाईची पगारी रजा सव्वीस आठवड्यांवर गेली. ती जाऊ नये असं कोण म्हणेल? पण सव्वीस आठवडे म्हणजे एकशेब्याऐंशी दिवस, आणि कांदा काढणाऱ्या बाईचे सोळा. तामिळनाडूने मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची आपली योजना २०१८ साली अठरा हजारांवर नेली, तेव्हा राज्याने ठरवलं तर पुढे जाता येतं हे दिसलेलं आहे. महाराष्ट्रात त्यानंतर २०१९ साली पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किट आलं. पेटीतून कपडे आणि अंथरूण आलं. ते वापरायला घरी थांबण्याचे दिवस पेटीत घालता येत नाहीत.

इथे दोन ठिकाणच्या बायांची आठवण करून देते, कारण त्यांनी सुईचा वापर आपल्या पद्धतीने केला. बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात १९८८ मध्ये निर्मला देवींनी गावातल्या बायांना एकत्र करून सुजनीचं काम पुन्हा उभं केलं. बाळाच्या पांघरुणाची ती रीत. पण बायांनी त्यावर हुंडा, मुलीची गर्भातच होणारी हत्या, दारू पिणारा नवरा असे विषय टाचले. विक्री झाली आणि म्हणणंही मांडलं गेलं. दुसरं ठिकाण अमेरिकेतलं, अलाबामा राज्यातलं जीज बेंड. नदीच्या वळणावरची काळ्या शेतमजुरांची वस्ती, जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या. साठच्या दशकात खालच्या बाजूला मिलर्स फेरीचं धरण झालं आणि त्यांची चांगली शेतजमीन पाण्याखाली गेली. डिंभ्याच्या काठी राहणाऱ्यांना यातलं काही परकं वाटू नये. नागरी हक्कांच्या लढ्याच्या ऐन भरात, १९६६ मध्ये, त्या भागातल्या बायांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. पुढे २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतींवर लागल्या, जगभर नाव झालं, आणि २००७ मध्ये काही जणींना आपल्या गोधड्यांच्या पैशांसाठी कोर्टात जावं लागलं. कौतुक आणि दाम यांचा असा काही आपोआप संबंध नसतो. मला मात्र त्यांच्या सहकारी संस्थेतली एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिने शिवणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघरही चालवलं होतं. दुसऱ्यांच्या घरची पांघरुणं शिवताना आपलं मूल कुठे असेल, हा प्रश्न त्यांनी कामाचाच भाग मानला.

आपल्याकडेही २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, तिला मजुरी द्यायची अशी तरतूद होती. ती किती कामांवर पाळली गेली हे तुम्ही आपापल्या तालुक्यात पाहिलेलं आहे. कांद्याच्या खासगी शेतावर तर असा कागदही नाही. तिथे बांध हेच पाळणाघर आणि दुपटं हाच पाळणा.

आहुप्याच्या गटाने दुकानाला काय कळवलं ते सांगते. नगाला साडेचारशे, दोरा दुकानाचा. कापड सुती हवं असेल तर तेही दुकानाने आणून द्यावं, कारण म्हाताऱ्यांची लुगडी विकाऊ नाहीत. ती गावातल्या बाळांना लागतात. नमुना मोफत मिळणार नाही. मागणी एप्रिल ते ऑगस्टमध्ये घेतली जाणार नाही. ‘आदिवासी’ असा शिक्का मारायचा तर गावाचं आणि गटाचं नाव त्याच अक्षरात खाली हवं. आणि ज्या बाईला सातवा महिना लागला आहे किंवा जिचं मूल सहा महिन्यांच्या आत आहे तिच्यावर काम सोपवायचं नाही. तिने शिवलं तर आपल्या बाळासाठी शिवावं. या शेवटच्या अटीवर गटात बराच वाद झाला. नेमके तेव्हाच पैसे लागतात, मग तिलाच का वगळायचं, असं दोघींचं म्हणणं होतं आणि ते मला डावलता येत नाही. शेवटी ठरलं की विक्रीतून नगामागे वीस रुपये बाजूला काढायचे आणि ते त्या बाईला त्या महिन्यांत द्यायचे. वीस रुपयांनी काय होणार, हे बायांना माझ्याहून चांगलं समजतं. रक्कम लहान आहे, पण गावात प्रसूतीच्या रजेचे पैसे कोणीतरी पहिल्यांदा देतंय, असं एकीने हसत म्हटलं.

दुकानाचं उत्तर अजून आलेलं नाही. दोन पुणेकर मैत्रिणींनी मात्र गटाच्या दराने चार दुपटी मागवली आहेत, आणि त्यांतल्या एकीने सुती साड्यांचं गाठोडंही पाठवलं आहे.

तुम्ही ज्या गटांबरोबर काम करता तिथे हा हिशेब एकदा मांडून पाहा. दुपटं, वाकळ, गोधडी, कुंची, तुमच्याकडे जे शिवलं जात असेल ते. शिवणाऱ्या बाईच्या शेजारी बसा, फूट मोजा, तास लिहा. त्या भागातला शेतमजुरीचा दर, जवळच्या बाजारात त्या वस्तूला मिळणारी किंमत, आणि बाळंतपणाचे पैसे किती जणींना, बाळ किती महिन्यांचं झाल्यावर मिळाले, एवढं सोबत कळवा. पुढच्या अंकात ही सगळी पत्रकं एकत्र छापायची आहेत आणि घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात, तसंच तुमच्या तुमच्या जिल्ह्यात, प्रसूती-लाभाच्या मागणीसोबत जोडायची आहेत. अक्षर कसंही असो, तास मात्र नेमके लिहा.